कार सेल्समधल्या माणसाने कार्डावर भारी पद छापावं का? स्वतःचा ब्रँड कसा उभा करायचा?

लातूरच्या शोरूममध्ये नुकतेच लागलात, 'सेल्स एक्झिक्युटिव्ह' फार साधं वाटतं, म्हणून 'कार गुरू' किंवा 'ड्रीम कार कन्सल्टंट' छापावं का, असं तुम्ही विचारलंय. मी याच धंद्यात आहे, आधी परभणीला होतो, आता संभाजीनगरला. माझं मत विचाराल तर पद आहे तेच राहू द्या, त्याच्या खालची एक ओळ मात्र डोकं लावून लिहा.

गिऱ्हाईक तुमचं पद वाचून नंबर सेव्ह करत नाही. तो 'बोलेरोवाला', 'लोनवाले दादा', 'शोरूम लातूर' असंच काहीतरी टाकतो. तुमचं खरं पद ते.

भारी पदाचा त्रासही होतो. आमच्या एका सहकाऱ्याने हौसेने कार्डावर 'मॅनेजर' टाकून घेतलं. मग गिऱ्हाईक तेच कार्ड टेबलावर आपटून म्हणायचं, "मॅनेजर तुम्हीच ना? मग वर कुणाला विचारायला चाललात? सोडा की अजून दहा हजार." बिचाऱ्याला फ्लोअर मॅट फुकट द्यायचाही अधिकार नव्हता! 'विमा सल्लागार' तर मुळीच लिहू नका. डीलरकडे वाहनविम्याचं काम कोणी करायचं याचे आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेचे नियम 2017 पासून आहेत, त्यासाठी प्रशिक्षण घेऊन नेमलेली माणसं असतात. 'गुरू'ला कायद्याची आडकाठी नाही, पण गावाकडचा माणूस ते वाचून गालात हसतो आणि शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकलाच विचारतो. चौकाचौकात 'भावी आमदारां'चे फ्लेक्स बघून लोकांना मोठ्या पदांचं काही वाटेनासं झालंय.

आता त्या ओळीचं. तुम्हाला या धंद्यातलं नेमकं काय चांगलं येतं, ते तिथे यायला पाहिजे. आपल्या भागात सोयाबीन-उसावर चालणारं घर गाडी घ्यायला येतं तेव्हा सॅलरी स्लिप नसते, पुष्कळदा आयटीआरही भरलेला नसतो. शोरूममध्ये बसल्याबसल्या "फॉर्म सोळा आणलाय का?" असं विचारलं की तो माणूस पाणी पिऊन उठतो. सातबारा, आठ-अ, कारखान्याच्या ऊसबिलाची पावती आणि पासबुक एवढ्यावर कोणती फायनान्स कंपनी फाइल घेते, हप्ता सहामाही बसवून मिळेल का, एफआयला, म्हणजे कर्जाआधीच्या घरच्या चौकशीला, माणूस गावात आला की शेजाऱ्याला काय विचारतो, हे त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं असतं. थकलेलं पीककर्ज सिबिलला दिसतं आणि फाइल तिथेच अडते. ते आधी बघून "मामा, अगोदर बँकेचं मिटवा, मग बुकिंग करू, पैसे अडकवू नका" असं तोंडावर सांगणाऱ्याचं नाव पारावर निघतं. हे तुम्हाला येत असेल तर नावाखाली सरळ 'सातबारावर कार लोन' लिहा. कुणाला टूरिस्ट परमिटचं काम येतं, कुणाला जुन्या गाडीच्या एक्स्चेंजचं. एकच लिहा. सगळंच लिहिलं की काहीच ध्यानात राहत नाही.

अमेरिकेत डेट्रॉइटजवळ जो जिरार्ड नावाचा एक सेल्समन शेवरोले विकायचा. 1963 ते 1978 या काळात त्याने 13,001 गाड्या विकल्या, त्यातल्या 1,425 एकट्या 1973 मध्ये. गिनीज बुकात नोंद आहे. तो जुन्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला शुभेच्छापत्र पाठवायचा. आपण त्याची नक्कल म्हणून रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवू नयेत, लोक म्यूट करतात. त्यापेक्षा विम्याची तारीख सांभाळा. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की सगळाच विमा तीन वर्षांचा आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओडी, बहुतेकांचा वर्षातच संपतो. अकराव्या महिन्यात "काका, तुमचा ओडी संपत आलाय, कुठूनही भरा पण भरा" एवढा मेसेज टाका. 'कुठूनही' हा शब्द विसरू नका, त्यानेच विश्वास बसतो.

आपल्याकडे गाडी गटाने, एकमेकांचं बघून घेतली जाते. 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी एकत्र येऊन एकदम 150 मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या, देशभर बातमी झाली. तुमच्या-माझ्या वाट्याला मर्सिडीज येणार नाही, पण एका गुरुजींनी गाडी घेतली की स्टाफरूममध्ये महिनाभर तोच विषय असतो. असा एखादा गट धरा.

डिलिव्हरीचे फोटो स्टेटसला सगळेच टाकतात: हार, चाकाखाली लिंबू, हातात थर्माकोलची भली मोठी चावी. टाका, पण विचारून. भावकीत वाटणीचा दावा चालू असताना तुम्ही कुणाची नवी कोरी क्रेटा गावभर दाखवलीत, तर पुढचं गिऱ्हाईक विसरा. किंमत तर कधीच लिहू नका.

इन्स्टाच्या खात्याला कंपनीचं किंवा शोरूमचं नाव देऊ नका, आपलं नाव आणि गाव पुरे. नोकरी बदलली की ते खातं निरुपयोगी होतं, शिवाय कंपनी नावाला हरकत घेऊ शकते. रील्समध्ये 'कार गुरू' म्हणायची हौस असेल तर तिथे भागवून घ्या. शोरूमने दिलेलं सिमही सोडताना परत द्यावं लागतं, म्हणून साहेबांना विचारून कार्डावर स्वतःचा नंबरही छापा. मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय दिसेल असा. मागची बाजू कोरी सोडू नका: लोनला लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत द्या. फाइल पूर्ण होईपर्यंत ते कार्ड खिशातून निघत नाही.