आधी अस्तर कापा

“मॅडम, मी आळशी आहे का हो?” समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी माझ्यासमोर येतो. कुणाचा प्रबंध रखडलेला असतो, कुणाचं आयकर विवरणपत्र भरायचं राहिलेलं असतं. पालुपद एकच, ‘कळतं पण वळत नाही.’ अशा वेळी मला एक ताई आठवतात. त्यांच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून, इथे लिहिते आहे.

ताई वीस वर्षं घरी ब्लाऊज शिवतात. तुळशीचं लग्न होऊन लगीनसराई सुरू झालेली आणि कपाटात अकरा ब्लाऊजपीस पिशव्यांतच पडून. ‘दोन दिवसांत देते’ सांगायचं आणि डबे घासायला बसायचं, असा दिनक्रम झाला होता. पुढे पुढे त्या गिऱ्हाइकांचे फोनही उचलेनाशा झाल्या. घरचे म्हणत, मोबाईल कमी बघ. भिंतीवर वेळापत्रक लावून झालं होतं, ते तीन दिवस टिकलं.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, “या महिन्यात काहीच शिवलं नाही?”

“शिवलं की! साधे कॉटनचे पंधरा-सोळा झाले. ते पटापट होतात.”

“मग ते अकरा कुठले?”

त्या जरा थांबल्या. “पैठणीचे. एक नारायणपेठ आहे. सगळे भारीतले.”

आळस असा निवडक नसतो. तिथेच मला वाट दिसली.

“पैठणीला कात्री लावताना काय होतं?”

“पोटात गोळा येतो. काठ बाहीवर नेमका बसायला लागतो. साडीबरोबरचाच पीस, चुकला तर दुसरा कुठून आणणार? चुकताच कामा नये, मॅडम.”

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची, म्हणजे त्रासामागचा हट्टी विचार शोधून तो तपासणारी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास अमेरिकेत ही विचारसरणी मांडली. त्यामुळे माझा कान त्या ‘च’वर जातोच. ‘चुकू नये’ ही इच्छा झाली, ती हात जपून चालवते. ‘चुकताच कामा नये’ ही सक्ती, ती कात्री उचलूच देत नाही. काम पुढे ढकललं की पोटातला गोळा तेवढ्यापुरता विरतो. त्या क्षणभराच्या सुटकेचीच मनाला सवय लागते. वर स्वतःला आळशी म्हणून घेतलं की कपाट उघडणं आणखी जड.

“वीस वर्षांत किती पीस चुकले?” मी विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजलं. “चार.”

“मग काय झालं?”

“दोघींना काखेत जोड दिला, कळतसुद्धा नाही. एकीला कापडाचे पैसे दिले. एक खूप बोलली, पण...” त्या गप्प झाल्या. “पण तिच्याच मुलीच्या लग्नाचे चार ब्लाऊज कपाटात आहेत आत्ता.”

खोलीत बराच वेळ शांतता होती. समजावण्याची वाक्यं माझ्या जिभेवर होती, ती मी गिळली. याचं मला आजही समाधान वाटतं. जे मी सांगितलं असतं ते त्यांना त्यांच्याच तोंडून ऐकू आलं होतं. असा क्षण आणता येत नाही, पण बोलून घालवता मात्र नक्की येतो.

तरी त्या म्हणाल्या, “भीती गेली की कापायला घेते.” तेव्हा मी त्यांना तरुण एलिसची गोष्ट सांगितली. मुलींशी बोलायची त्याला फार भीती. एकोणिसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जायचा आणि बाकावर बसलेल्या अनोळखी मुलींशी बोलायचा. महिनाभरात शंभर जणींशी बोलला. भीती जायची वाट त्याने पाहिली नाही, बोलता बोलता ती ओसरली.

ताई हसल्या आणि म्हणाल्या, “मग आधी अस्तर कापू का? तसंही तेच कापून पीसवर ठेवतो आम्ही. चुकलं तर साधं अस्तरच जाईल.”

इतका नेमका उपाय मला सुचला नसता. ठरलं ते एवढंच, की सकाळच्या चहानंतर पोटात गोळा असतानाच एक अस्तर कापायचं. नंतर उठायची मुभा. पहिले दोन दिवस त्या उठल्या. तिसऱ्या दिवशी उठल्या नाहीत.

तुमच्या कामातही असं अस्तर असतं. प्रबंधाचं प्रकरण राहू दे, त्यातला एक तक्ता उतरवा. विवरणपत्र राहू दे, बँकेचं स्टेटमेंट काढून टेबलावर ठेवा. मूड येईल म्हणून थांबू नका, तो बहुधा काम सुरू झाल्यावर मागून येतो. एक मात्र बघा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर हा चालढकलीचा प्रश्न नसेलही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला लाजू नका.

ताईंचा फोन आला तेव्हा नऊ ब्लाऊज देऊन झाले होते. दहाव्याची बाही कापताना कमी पडली होती.

“मग?”

“जोड दिला. आणि त्यांनी विचारायच्या आधी मीच फोन करून सांगितलं,” त्या म्हणाल्या. “आता ठेवते मॅडम, अकराव्याचं अस्तर पाटावर आहे.”