नववीतली मुलगी, तीन पानी क्लबांची यादी आणि व्हॉट्सॲपवरचे काका

अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेलं कुटुंब, मुलगी यंदा नववीत गेली, म्हणजे इथल्या भाषेत फ्रेशमन. शाळेने क्लबांची, म्हणजे शाळा सुटल्यावर भरणाऱ्या मुलांच्या गटांची, तीन पानी यादी पाठवली आणि घरात धांदल सुरू झाली. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी म्हणतंय डेका (बिझनेसचा क्लब) घ्या, कोणी म्हणतंय मेडिकलला जायचं असेल तर होसाशिवाय (आरोग्यक्षेत्राचा क्लब) पर्याय नाही, कोणी म्हणतंय रोबोटिक्स नसेल तर चांगलं इंजिनिअरिंग विसरा, आणि एका काकांचं ठाम मत की नववीतच स्वतःची नॉनप्रॉफिट, म्हणजे सेवाभावी संस्था, काढायला हवी. मुलगी म्हणतेय, मला मार्चिंग बँडमध्ये राहायचंय आणि शुक्रवारी ॲनिमे क्लबला जायचंय, बस. बाबा म्हणतायत ॲनिमे हा काय क्लब झाला. ताई विचारतायत कुठले घ्यावेत, किती घ्यावेत आणि हिला समजवावं कसं.

समजवायचं शेवटी बघू ताई, कारण मला वाटतं गरज तिला कमी आहे.

आपल्याकडे शाळा सुटल्यावर जायचं ते क्लासला. सर शिकवणार, आपण वहीत उतरवणार, चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट द्यायची, सर्टिफिकेट फाइलला लावायचं. त्यामुळे क्लबांची यादी हातात आली की आपण तीही तशीच वाचतो, कुठला चांगला, कुठले सर चांगले. पण इथे शिकवायला कोणी नसतंच हो. एक शिक्षक ॲडव्हायझर म्हणून असतात, ते बहुतेक वेळा कोपऱ्यात पेपर तपासत बसलेले, बाकी सगळा कारभार पोरांचा. मीटिंगचा अजेंडा, पिझ्झा कुठून मागवायचा, बेक सेलचे पैसे कोणाकडे ठेवायचे, टी-शर्टवर काय छापायचं, रुसून बसलेल्या ट्रेझररला परत कोण आणणार, हे सगळं अकरावी-बारावीतली मुलं निस्तरतात आणि नववीतली मागे बसून बघतात आणि दोन वर्षांनी तेच करायची त्यांची पाळी येते. जे काही मिळतं ते या गोंधळातून मिळतं. म्हणूनच एकाच नावाचा क्लब एका शाळेत जोरात असतो आणि शेजारच्या शाळेत नुसता कागदावर, त्यामुळे दुसऱ्या गावच्या काकूंनी ग्रुपवर दिलेला सल्ला तुमच्या शाळेला लागू पडेलच असं नाही. मुलीलाच क्लब फेअरला, म्हणजे सगळे क्लब टेबल मांडून माहिती देतात तिथे, पाठवा, आणि तिथे टेबलामागे उभ्या असलेल्या मुलांना विचारू दे की तुम्ही किती वेळा भेटता, मागच्या वर्षी काय केलंत, आणि नववीतल्यांना काय काम देता. तिसऱ्या प्रश्नावर ती मुलं अडखळली तर पुढच्या टेबलावर जावं.

आता ती मोठी नावं. त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही, फक्त घराला काय पडतं ते आधी माहीत हवं.

रोबोटिक्स म्हणजे बहुतेक ठिकाणी फर्स्ट, डीन केमन यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली संस्था. तिच्या हायस्कूलच्या मोठ्या स्पर्धेत जानेवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो आणि मग मार्चमधल्या स्पर्धांपर्यंत संध्याकाळ आणि शनिवार ही चीज घरात उरत नाही. आपल्या लोकांना वाटतं कोडिंग येत नाही तर कशाला जायचं, पण तिथे स्पॉन्सर शोधणं, हिशेब ठेवणं, लहान शाळांमध्ये जाऊन कार्यक्रम करणं अशी खूप कामं असतात, आणि गंमत म्हणजे त्या स्पर्धेतलं सगळ्यात मानाचं बक्षीस, इम्पॅक्ट अवॉर्ड, रोबोटसाठी नाही तर टीमने आजूबाजूच्या लोकांसाठी काय केलं त्यासाठी मिळतं.

डेका म्हणजे बिझनेसवालं. एका प्रकारात १०० प्रश्नांची परीक्षा असते आणि शिवाय एक प्रसंग हातात देतात, १० मिनिटं तयारीला आणि मग जजसमोर बसून तो सोडवायचा, म्हणजे समजा तुम्ही हॉटेलचे मॅनेजर आहात आणि गिऱ्हाईक चिडलंय. पहिल्याच वर्षीच्या मुलांसाठी वेगळा सोपा गट असतो, त्यामुळे नववीत घाबरायचं कारण नाही. लाजाळू मुलांना याचा खरंच फायदा होतो, मी बघितलंय. फक्त बऱ्याच शाळांत डेका आणि होसाला त्या-त्या विषयाचा कोर्सही घ्यावा लागतो, ते कौन्सेलरला आधी विचारा, नाहीतर वेळापत्रकात बँडशीच टक्कर होते. आणि होसाचं मेडिकलशी जे नातं ग्रुपवर जोडलं जातंय ते जरा सैल करा. अमेरिकेत मेडिकल स्कूल चार वर्षांच्या पदवीनंतर येतं. तिथले लोक नववीतला होसा बघत बसत नाहीत. बारावीनंतर पदवी आणि मेडिकल थेट जोडून मिळणारे मोजके प्रोग्रॅम सोडले तर मुलीला आवड आहे का एवढाच प्रश्न.

डिबेट, म्हणजे वादविवाद, तुमच्या यादीत कोणी सुचवलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं, कारण वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्या आईबाबांच्या घरात ते चांगलं रुजतं. पण तिथे आईबाबांनाही कामाला लावतात. स्पर्धेला जितक्या जोड्या पाठवायच्या त्या हिशेबात शाळेला जजही आणावे लागतात आणि ते बहुतेक पालकच असतात. पब्लिक फोरम हा प्रकार तर डिबेट न कळणाऱ्या सामान्य माणसाला ऐकून समजावा म्हणूनच २००२ मध्ये सुरू झाला. शनिवारी पहाटे उठून दुसऱ्या गावच्या शाळेत, कॅफेटेरियातली पाणचट कॉफी, आणि समोर पंधरा वर्षांची पोरं टॅरिफवर भांडतायत. मला तर आवडतं, माझ्या नवऱ्याला विचाराल तर वेगळं उत्तर मिळेल.

किती घ्यावेत याचं उत्तर आकड्यांत देते. कॉमन ॲप, ज्यावर बऱ्याच कॉलेजांचे अर्ज भरतात, त्यात ॲक्टिव्हिटीसाठी १० जागा आहेत. प्रत्येकीचं वर्णन १५० कॅरेक्टरमध्ये, म्हणजे अक्षरं, स्पेस, पूर्णविराम सगळं धरून, एक मोठं वाक्य झालं की संपलं. सोबत विचारतात कुठल्या इयत्तांमध्ये केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. आणि एमआयटी स्वतःच्या अर्जात फक्त ४ विचारते. आता जी मुलगी सात क्लबांत नाव घालून प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा अर्धा तास बसते तिच्या त्या तासांच्या चौकटीत काय लिहिणार? त्यात क्लब शाळेचाच हवा असंही नाही. त्याच यादीत नोकरी हा प्रकार आहे, घरच्या जबाबदाऱ्या हाही प्रकार आहे, म्हणजे आई नाइट शिफ्टला असताना धाकट्या भावाला शाळेतून आणून जेवायला घालणारी मुलगी ते लिहू शकते आणि लिहावं. मराठी शाळेत रविवारी छोट्यांना शिकवणं, ढोल-ताशा पथक, भरतनाट्यम, सगळं चालतं.

आणि तुम्ही टेक्सासमध्ये आहात म्हणून एक खास गोष्ट, जी ग्रुपवर कोणीच बोललेलं दिसत नाही. १९९७ च्या कायद्याने टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये हायस्कूलच्या वरच्या १० टक्क्यांतल्या मुलांना आपोआप प्रवेश आहे, फक्त यूटी ऑस्टिनला (ऑस्टिनची युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) ही रेषा जास्त कडक, आधी ६ टक्के होती, २०२६ च्या फॉलपासून ५. हा प्रवेश वर्गातल्या रँकवर मिळतो, क्लबांवर नाही. कॉम्प्युटर सायन्ससारखं हवं ते मेजर, म्हणजे मुख्य विषय, मिळण्यासाठी मात्र निबंध, ॲक्टिव्हिटी सगळं बघतात, तेव्हा क्लब वाया नाहीत, पण क्लबांपायी अल्जेब्रा बुडाला तर दोन्हीकडून गेलं. शिवाय तुमच्याकडे नो पास नो प्ले आहेच, एखाद्या विषयात ७० च्या खाली गेली की तीन आठवडे स्पर्धा बंद, आणि त्यात बँडही येतो.

आता नॉनप्रॉफिटवाले काका. काकांचा हेतू चांगला असणार, पण चौदा वर्षांच्या मुलीच्या नावाने वेबसाइट, लोगो आणि जुनी पुस्तकं गोळा करायचा एक फोटो, मागे सगळं काम आईबाबांचं आणि दर महिन्याला फी घेणाऱ्या कन्सल्टंटचं, हे अर्ज वाचणाऱ्यांनी ढिगाने बघितलेलं असतं. गावात आधीच एखादी फूड पँट्री, म्हणजे गरजूंना अन्नधान्य वाटणारी जागा, असते, तिथे शनिवारी डबे भरायला माणसं कमी असतात, तिथे दोन वर्षं जाणारी मुलगी मला जास्त पटते. हे माझं मत, काकांना सांगू नका.

त्याहून महत्त्वाचं, आणि हे नीट वाचा, तुमची मुलगी एच-फोरवर आहे, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळतो त्या व्हिसावर. एच-फोरवरच्या मुलांना पगाराचं काम करता येत नाही. आईला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळालं असेल तरी ते मुलांना लागू नाही, मुलांना ते साधारणपणे घराची ग्रीन कार्डची शेवटची फाइल, आय-४८५, लागल्यावरच मिळतं. म्हणजे मैत्रिणी उन्हाळ्यात पूलवर लाइफगार्ड होतील, आइसक्रीमच्या दुकानात लागतील, हिला नाही जमणार, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते फार लागतं मुलांना, त्यावर घरात आधीच बोललेलं बरं. पैसे घेऊन शिकवण्या, ऑनलाइन दागिने विकणं, यूट्यूबवरून कमाई, तेही नको, मग डेकामधल्या कोणी खरा बिझनेस सुरू कर म्हटलं तरी. धर्मादाय संस्थेत, लायब्ररीत, हॉस्पिटलच्या व्हॉलंटिअर प्रोग्रॅममध्ये बिनपगारी काम चालतं. कंपनीतली बिनपगारी इंटर्नशिप हा अवघड मामला आहे, जे काम दुसऱ्याला पैसे देऊन करून घेतात ते फुकट केलं तरी प्रश्न येऊ शकतो, तेव्हा आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, ग्रुपवर नव्हे. उन्हाळ्यातले काही नावाजलेले मोफत प्रोग्रॅमही फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतात, पात्रतेची ओळ सगळ्यात आधी वाचा, मुलीने निबंध लिहून झाल्यावर नको.

बँडबद्दल तर मी म्हणेन राहू द्या, डोळे मिटून राहू द्या. ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीच बँड कॅम्प असतो, डॅलसच्या उन्हात पार्किंग लॉटमध्ये पावलं मोजत चालायचं, मग सगळा फॉल दर शुक्रवारी फुटबॉलची मॅच. टेक्सासमध्ये हे प्रकरण किती मोठं आहे ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पुण्याहून येऊन तीन वर्षं झालेल्या मुलीला पहिल्या दिवशी कॅफेटेरियात कोणाशेजारी बसायचं हा प्रश्न बँडने परस्पर सोडवला असणार. मोठ्या शाळेत ही फार मोठी गोष्ट आहे. तासांच्या हिशेबातही बँड एकटा तीन क्लबांना भारी पडतो.

ॲनिमे क्लब हा तिचा विसावा आहे. आठवड्यातून एक तास, स्पर्धा नाही, रँक नाही, जपानी कार्टून बघायचं आणि चित्रं काढायची. असूदे. पुढे त्यातूनच ती पोस्टर करायला लागेल, ऑफिसर होईल किंवा काहीच होणार नाही आणि दहावीत सोडून देईल, नववीत सोडून देण्याची मोकळीक असायलाच हवी. फार वाटलंच तर तिला सांगा की या दोनांच्या जोडीला एक तिसरा, तुझ्या पसंतीचा, ख्रिसमसपर्यंत करून बघ, नाही आवडला तर सोड. त्यात डेका बसतो का बघा, कोर्स आड येत नसेल तर.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय मराठी किंवा भारतीय क्लब काढता येईल का. येईल. १९८४ चा इक्वल ॲक्सेस ॲक्ट आहे, केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या सरकारी हायस्कूलने अभ्यासाशी संबंध नसलेला एक जरी विद्यार्थी क्लब चालू दिला की मग धर्म, राजकारण किंवा विचार बघून दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये तो कायदा कायम ठेवला. पण क्लब मुलांनीच सुरू करायचा आणि मुलांनीच चालवायचा, एक शिक्षक ॲडव्हायझर म्हणून शोधायचे, थोडे मेंबर, एक साधी नियमावली, आणि फॉर्म बहुतेक शाळांत वर्षाच्या सुरुवातीलाच घेतात. मुलीला हवा असेल तरच. दिवाळीला जिममध्ये रांगोळी आणि समोसे आईला हवेत म्हणून काढलेला क्लब पुढच्या वर्षी कोणी सांभाळत नाही.

एक बारीकसारीक गोष्ट, बऱ्याच क्लबांच्या सगळ्या सूचना इन्स्टाग्राम नाहीतर डिस्कॉर्डवर येतात. घरात इन्स्टाग्राम बंद असेल तर मुलीला मीटिंग रद्द झालेली पार्किंगमध्ये उभं राहिल्यावर कळते. सूट द्या किंवा ॲडव्हायझरला सांगून ईमेलची सोय करून घ्या. आणि संध्याकाळची ॲक्टिव्हिटी बस आहे का ते ऑफिसात विचारा, नसेल तर बँडमधल्याच एखाद्या घराशी कारपूल.

राहिले बाबा. त्यांना ॲनिमेवर काही समजवू नका, बँड बूस्टर्सच्या, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या गटाच्या, साइन-अप शीटवर त्यांचं नाव घाला. शुक्रवारच्या मॅचला कन्सेशन स्टँडवर, म्हणजे खाऊच्या स्टॉलवर, नाचो विकायला माणसं कायम कमी पडतात, आणि ज्यांना चीजच्या वासाचं वावडं आहे त्यांच्यासाठी हाफटाइमला मैदानावर ड्रम ढकलायचं काम असतं, तिथून मुलगी अगदी जवळून दिसते.