ऑइलचा दिवा विझला, पण दाब मोजला का?

प्रश्न : मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी एका गॅरेजमध्ये काम शिकतो. मागच्या महिन्यात एक पेट्रोल गाडी ऑइलचा लाल दिवा लागतो म्हणून आली होती. इंजिन थंड असताना दिवा लागत नव्हता, पण गाडी तापली आणि सिग्नलला उभी राहिली की मिणमिणायचा. मालकांनी नवा ऑइल प्रेशर स्विच आणून दिला. मी तो बसवला आणि दिवा बंद झाला. १८ दिवसांनी तीच गाडी खंबाटकी घाटातून टो करून आणावी लागली, कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग गेले होते. सगळ्यांसमोर खापर माझ्यावर फुटले. वडील म्हणतात, हे काम तुझे नव्हे, आयटीआय सोड आणि भरतीची तयारी कर. तसेही इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर इंजिनवाल्यांना कोण विचारणार? मी या कामाला लायक आहे का, ते सांगावे.

उत्तर :

प्रिय विद्यार्थी मित्रा,

तुझे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा माझी नजर एकाच वाक्यावर थांबली. ‘थंड असताना दिवा लागत नव्हता, तापल्यावर उभी राहिली की मिणमिणायचा’ हे तू जाता जाता लिहून गेला आहेस. परंतु त्या गाडीचे निदान करण्यासाठी लागणारा सर्वांत मोठा पुरावा याच वाक्यात आहे. तो गॅरेजमध्ये दुसऱ्या कोणी टिपला होता की नाही हे मला ठाऊक नाही, तू मात्र टिपला होतास. त्यामुळे ‘लायक आहे का’ या प्रश्नाचे उत्तर माझ्या लेखी होकारार्थी आहे. तुझे निरीक्षण पक्के आहे. निरीक्षणानंतर जी मोजणी करायला हवी होती, ती मात्र झाली नाही, आणि ती तुला अद्याप कोणी शिकवलेली नाही. म्हणून आधी त्या गाडीबद्दल सविस्तर लिहितो आणि मग तुझ्या पुढच्या वाटेकडे वळतो.

साध्या पद्धतीच्या ऑइल प्रेशर स्विचमध्ये एक पडदा, एक स्प्रिंग आणि दोन संपर्क असतात. इंजिन बंद असताना स्प्रिंग ते संपर्क जुळवून ठेवते. त्यामुळे चावी फिरवली की विद्युतप्रवाह फ्यूजमधून डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे, तिथून वायरने स्विचकडे आणि स्विचच्या आट्यांमधून इंजिनच्या धातूत, म्हणजे अर्थला जातो, आणि दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन पंपाने दाब निर्माण केला की ऑइल पडद्याला ढकलते, संपर्क सुटतात आणि दिवा विझतो. हा स्विच साधारणपणे ०.३ ते ०.५ बार, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चार ते सात पौंड (दर चौरस इंचाला) दाबाला उघडतो, म्हणजे त्याचे संपर्क सुटतात. तापलेल्या निरोगी इंजिनात दर १,००० आरपीएमला सुमारे १० पौंड दाब असावा, असा मेकॅनिक मंडळींचा जुना आडाखा आहे. याचा अर्थ असा की दिवा मिणमिणू लागतो तेव्हा दाब थोडासा घटलेला नसतो, तो जवळजवळ संपलेला असतो. हा दिवा चेंबरमधल्या ऑइलची पातळी दाखवतो असे पुष्कळ गाडीमालक समजतात. तो पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो, आणि तोही फार उशिरा दाखवतो.

आता तुझे ते वाक्य पुन्हा पाहू. थंड ऑइल घट्ट असते, त्यामुळे बेअरिंगमधली फट वाढलेली असली तरी दाब टिकून राहतो. ऑइल तापून पातळ झाले आणि इंजिन मंद चालू लागले की पंप कमी ऑइल ढकलतो, ते वाढलेल्या फटीतून सहज निसटते आणि दाब कोसळतो. खराब स्विच किंवा घासलेली वायर सहसा इतकी शिस्तशीर वागत नाही. तिचा दिवा थंडीतही लागतो, धक्क्याने लागतो, नाहीतर कायमच लागून राहतो. तापल्यावर आणि केवळ मंद चालीत लागणारा दिवा बहुतेक वेळा खरे बोलत असतो. मग नवा स्विच बसवल्यावर तो विझला कसा, हा प्रश्न तुला पडला असेल, आणि तो पडायलाच हवा. माझा अंदाज असा आहे की जुना स्विच समजा सात पौंडांना उघडत होता आणि नवा चार पौंडांना उघडणारा निघाला. इंजिनमध्ये पाच-सहा पौंड दाब उरला असेल, तर जुन्याने दिवा लावला असता आणि नव्याने लावला नसता. गाडीतला आजार तसाच राहिला आणि त्याची सूचना देणारा तेवढा गप्प झाला. त्यानंतर घाटाच्या चढावर, तापलेल्या इंजिनावर पूर्ण भार आला तेव्हा बेअरिंगला ऑइल पुरले नाही.

अशी गाडी पुन्हा तुझ्यासमोर आली, तर सर्वप्रथम इंजिनचा आवाज ऐक. खालून टकटक येत असेल, तर ते क्षणभरही चालू ठेवू नकोस. आवाज नसेल, तर इंजिन बंद करून डिपस्टिक काढ. पातळी पाहा, ऑइल बोटांत चोळून पाहा, त्याला पेट्रोलचा वास येतो का ते हुंगून पाहा. पेट्रोल मिसळून पातळ झालेले ऑइल हेही दाब घटण्याचे एक कारण आहे. त्यानंतर चावी चालू आणि इंजिन बंद ठेवून स्विचची वायर काढ. दिवा विझला पाहिजे. तो विझला नाही, तर वायर कुठेतरी घासून अर्थ झाली आहे आणि त्यात स्विचचा दोष नाही. तीच वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवलीस तर दिवा लागला पाहिजे. लागला नाही, तर बल्ब, फ्यूज किंवा मधली वायर तपास. कनेक्टरमध्ये ऑइल झिरपलेले दिसले, तर स्विचचा पडदा फुटला आहे आणि तो बदलायलाच हवा. पुढे मल्टिमीटर बझरवर ठेवून स्विचचा टर्मिनल आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये लाव: इंजिन बंद असताना बझर वाजला पाहिजे आणि सुरू झाल्यावर थांबला पाहिजे. काही गाड्यांमध्ये स्विचची रचना उलटी असते, आणि काहींमध्ये स्विचऐवजी तीन वायरींचा सेन्सर असतो. त्याची वायर अर्थला टेकवून पाहणे धोक्याचे आहे, म्हणून त्या मॉडेलचे वायरिंग डायग्रॅम पाहिल्याशिवाय यातले काहीही करू नकोस.

एवढ्याने विजेची बाजू कळते, दाब कळत नाही. दाब कळण्यासाठी स्विच काढून त्याच्या जागी काट्याचे प्रेशर गेज लावावे लागते. अनेक जपानी बनावटीच्या इंजिनांवर या जागी एक-अष्टमांश इंचाचे निमुळते ब्रिटिश आटे असतात, दर इंचाला २८. गेज जोडण्याचा अडॅप्टर अमेरिकी मापाचा असेल, तर त्याला ते २७ असतात. हाताने दोन फेरे सहज जातात, म्हणून बसले असे वाटते, आणि पान्याने जोर दिला की ॲल्युमिनियमचे आटे उडतात. गेज बसवल्यावर इंजिन पूर्ण तापू दे आणि मंद चालीतला व २,००० आरपीएमचा असे दोन्ही आकडे वहीत लिही. ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी जुळले आणि तरीही दिवा लागत असेल, तरच स्विच दोषी. आकडे कमी आले, तर पंपाच्या तोंडाची तुंबलेली जाळी, उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप), झिजलेला पंप किंवा बेअरिंग यांकडे वळायचे. नव्या गाड्यांत स्कॅनर लावला तर पी ०५२४ असा कोड मिळेल. त्याचा अर्थ ऑइलचा दाब कमी आहे असा असला, तरी संगणकाला ही माहिती त्या स्विचने किंवा सेन्सरनेच दिलेली असते, म्हणून खात्री शेवटी काट्याच्या गेजनेच करावी लागते. या सगळ्याला एखादा तास लागला असता. मालकांनी दिलेला पार्ट तू बसवलास. मोजणी न करता पार्ट आणण्याचा निर्णय तुझा नव्हता, त्यामुळे पूर्ण खापर तुझ्यावर फोडणे न्याय्य नाही. तरीही ‘तापल्यावरच लागतो’ हे तू त्या वेळी मोठ्याने सांगायला हवे होतेस, एवढा भाग तुझा आहे आणि तो तू स्वीकारावास असे मला वाटते.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे येऊ. त्यांची काळजी खरी आहे, पण दुसऱ्या वर्षात असताना आयटीआय अर्धवट सोडणे मला साफ चुकीचे वाटते. भरतीची तयारी प्रमाणपत्र हाती आल्यावरही करता येते, आणि तांत्रिक पदांच्या भरतीत तर तेच प्रमाणपत्र मागतात. शिवाय दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण करणाऱ्याला पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. गणिताची भीती नसेल, तर ही वाट अवश्य विचारात घे. मात्र माझा आग्रह त्याआधी ॲप्रेंटिसशिप करण्याचा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ती होते, विद्यावेतन मिळते आणि शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. एस.टी. महामंडळ आपल्या आगारांत आणि कार्यशाळांत आयटीआयचे उमेदवार घेते. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे त्यांच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. कंपन्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येही जागा निघतात. जागा निवडताना नावापेक्षा एक गोष्ट पाहा: तिथे प्रेशर गेज, टॉर्क रेंच आणि सर्व्हिस मॅन्युअल आहेत का, आणि शिकाऊ मुलाला ते हाताळू देतात का. पहिल्या काही वर्षांत मिळकत बेताचीच असते, हे वडिलांपासून लपवू नकोस. पार्ट बदलणारे हात पुष्कळ आहेत, दोष शोधून काढणारी माणसे कमी आहेत. तुझी मिळकत आणि मान तू यांपैकी कोणत्या बाजूला जाशील त्यावर ठरणार आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल त्यांनी विचारले ते योग्यच आहे. त्या गाडीत क्रँकही नाही आणि हा स्विचही नाही. परंतु वायर काढून पाहणे, अर्थ तपासणे, मीटरचा आकडा मॅन्युअलशी ताडून पाहणे आणि मगच पार्टला हात लावणे ही पद्धत तिथे जशीच्या तशी चालते, कारण दिवे, पंखे, सेन्सर आणि १२ व्होल्टचे वायरिंग त्या गाडीतही आहे. नारिंगी रंगाच्या उच्च व्होल्टेजच्या केबल्सना मात्र स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्याशिवाय स्पर्शही करू नये. रस्त्यावर आज असलेल्या इंजिनाच्या गाड्याही एका रात्रीत भंगारात जाणार नाहीत, त्यामुळे दोन्ही शिकायला तुझ्याजवळ वेळ आहे.

या आठवड्यात एक काम कर. त्या गाडीचा काढलेला जुना स्विच गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात अजून असेल, तर मालकांना विचारून तो मागून घे आणि आयटीआयच्या निदेशकांकडे ने. कॉम्प्रेसरच्या रेग्युलेटरला तो जोडून, मल्टिमीटर लावून, हवा शून्यापासून सावकाश वाढवा आणि बझर कोणत्या आकड्याला थांबतो ते लिहून ठेवा. मग नव्या स्विचच्या बनावटीचा दुसरा एक नग घेऊन तेच करा. जुना चार ते सात पौंडांच्या दरम्यान उघडला, तर तो निर्दोष होता आणि १८ दिवस आधीपासून खरे सांगत होता. ते दोन आकडे कागदावर लिहून आधी वडिलांना दाखव, मग मालकांना, आणि मलाही कळव.