‘साक्ष्याधारित’, ‘प्रमाणाधिष्ठित’ की ‘पुरावाधिष्ठित’?

‘एव्हिडन्स-बेस्ड’ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न एका अनुवादक मैत्रिणीचा आहे. एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाची माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचे काम तिच्याकडे आले असून तिचे घोडे मथळ्यातच अडले आहे. पुस्तिकेचा विषय ‘टेक्नॉलॉजी-असिस्टेड’ आणि ‘एव्हिडन्स-बेस्ड सायकोथेरपी’ या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संशोधन सहकार्य हा आहे. आधीच्या मसुद्यात कोणीतरी ‘तंत्रज्ञान-सहाय्यित साक्ष्याधारित मनोचिकित्सा’ असे लिहून ठेवले होते. संपादकांनी त्यातील ‘साक्ष्याधारित’ खोडून ‘प्रमाणाधिष्ठित’ केले. तिला स्वतःला ‘पुरावाधिष्ठित’ बरा वाटतो, परंतु मराठी आणि संस्कृत शब्दांचा असा संधी चालतो का, अशी तिला शंका आहे.

संधी चालतो, आणि तिघांपैकी शब्दही तोच योग्य आहे. मात्र तो केवळ अधिक ओळखीचा आहे म्हणून नव्हे. उरलेले दोन शब्द मूळ संकल्पनेने जे बाजूला सारले तेच मागच्या दाराने पुन्हा आत आणतात, हे त्यामागचे खरे कारण आहे.

‘एव्हिडन्स-बेस्ड’ हा शब्दप्रयोग वैद्यकातून आला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे गॉर्डन गयाट यांनी तो १९९१ मध्ये छापील लेखनात आणला आणि १९९२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातील लेखामुळे तो सर्वत्र पोहोचला. त्या लेखाचा रोख असा होता की वैद्याची अंतःप्रेरणा, त्याने सहज गोळा केलेला अनुभव आणि ज्येष्ठांचा अधिकार यांच्यावर पूर्वी जी भिस्त ठेवली जाई ती कमी करून, पद्धतशीर संशोधनातून जे हाती लागते त्याला अधिक वजन द्यावे. मानसोपचाराच्या क्षेत्रात हीच भूमिका पुढे रुजली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००६ मध्ये तिची व्याख्या करताना संशोधनाच्या जोडीला उपचारकाचे कौशल्य आणि रुग्णाची संस्कृती, स्वभाव व पसंती यांनाही स्थान दिले.

आता ‘साक्ष्य’ घेऊ. हिंदीत ‘साक्ष्य-आधारित’ रूढ आहे आणि १ जुलै २०२४ पासून ‘भारतीय साक्ष्य अधिनियम’ अमलात आल्यामुळे हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतही दिसू लागला आहे. परंतु १८७२ चा जुना कायदा आपण ‘भारतीय पुरावा अधिनियम’ म्हणूनच ओळखत होतो, आणि मराठी माणसाच्या कानाला ‘साक्ष्य’ म्हटले की ‘साक्ष’च ऐकू येते. साक्ष म्हणजे पाहणाऱ्याने किंवा भोगणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली हकिकत. ‘मला या उपचाराने गुण आला’ ही साक्ष झाली. ती खोटी असते असे नाही. पण उपचार न घेताही तेवढ्याच काळात किती जणांना बरे वाटले असते, हे तिच्यातून कळत नाही आणि संशोधकाला नेमके तेच हवे असते. मराठीत ‘साक्षीपुरावा’ असा जोडशब्द आहे. त्यात दोन्ही पदांची गरज पडली याचा अर्थ ती दोन एक नव्हेत.

‘प्रमाणा’ची अडचण याहून गमतीची आहे. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेत प्रमाणे, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याची साधने, चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातले चौथे, म्हणजे आप्तवचन, जाणत्याने सांगितले म्हणून मानायचे. ज्या चळवळीने ‘मोठ्या डॉक्टरांनी सांगितले’ या युक्तिवादाला सर्वांत खालच्या पायरीवर बसवले, तिच्या नावात ज्याच्या पोटात शब्दप्रामाण्य आहे असा शब्द घालणे विनोदी ठरेल. शिवाय रोजच्या मराठीत प्रमाण म्हणजे मीठ-साखरेचे प्रमाणही असते, ‘प्रमाणभाषा’ही असते आणि ‘प्रमाणपत्र’ही असते. ‘प्रमाणाधिष्ठित उपचार’ वाचणाऱ्याला ते सरकारमान्य उपचार आहेत असे वाटले तर दोष त्याचा नाही.

नेमका पुरावा कशाला म्हणतात हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको. ‘संगाथ’ ही गोव्यातील संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आहे. तिने लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेबरोबर केलेले काम आंतरराष्ट्रीय सहकार्याचे ठसठशीत उदाहरण आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर एका उपचाराची चाचणी घेतली. कोणी कोणत्या गटात जावे हे डॉक्टरांनी ठरवले नाही, रुग्णांनीही नाही. ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने ठरले. एका गटाला आरोग्य केंद्रातील नेहमीची सेवा थोडी सुधारून मिळाली. दुसऱ्या गटाला तिच्याबरोबर सहा ते आठ बैठकींचे समुपदेशनही मिळाले. समुपदेशन करणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, ते प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. मन उभारी धरेल तेव्हा कामाला लागू, अशी वाट न पाहता एखादी आवडती किंवा गरजेची कृती आधी हाती घ्यायची आणि उभारी तिच्या मागून येऊ द्यायची, हे त्या उपचाराचे सूत्र होते. तीन महिन्यांनंतर समुपदेशनाच्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले आढळले, दुसऱ्या गटात ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

यातला पुरावा म्हणजे ६४ हा आकडा नव्हे, तर ६४ आणि ३९ यांमधले अंतर. त्या ३९ टक्क्यांतील एखाद्याला साक्षीला उभे केले असते तर त्यानेही ‘मला गुण आला’ असेच सांगितले असते. आणि समुपदेशन घेऊनही शंभरातील ३६ जण बरे झाले नाहीत, हेही त्याच पुराव्यात नोंदलेले आहे. म्हणून ‘शास्त्रसिद्ध’, ‘सिद्ध उपचार’ असे शब्द मी या अर्थाने वापरणार नाही. ‘सिद्ध’ म्हटले की विषय संपतो, आणि इथे तो संपलेला नसतो.

‘पुरावा’ या शब्दालाही कचेरीचा वास आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. कोर्टात पुरावा एका घडून गेलेल्या घटनेविषयी असतो, संशोधनात तो पुढे अनेकांच्या बाबतीत काय होण्याची शक्यता आहे याविषयी असतो. परंतु ‘सबळ पुरावा’, ‘तुटपुंजा पुरावा’, ‘पुरावा जमत गेला’, ‘पुराव्यानिशी’ हे सगळे प्रयोग आपल्या भाषेत तयार आहेत, आणि पुराव्याला कमी-अधिक बळ असते ही कल्पना त्यांच्यात आधीपासूनच आहे. ‘सबळ साक्ष्य’ किंवा ‘तुटपुंजे प्रमाण’ असे म्हणून पाहावे, म्हणजे फरक कानालाच कळतो.

राहिला संधीचा प्रश्न. ‘पुरावा’ मराठी, ‘अधिष्ठित’ संस्कृत, म्हणून त्यांचा संधी अशुद्ध, असे म्हणायचे तर ‘जिल्हाधिकारी’ आणि ‘शहराध्यक्ष’ हे शब्दही सोडून द्यावे लागतील. त्यांतली पहिली पदे तर अरबी-फारसीतून आलेली आहेत. ‘पुरावाधारित’ हे रूप मात्र टाळावे. व्याकरणाने ते बसते, पण वाचताना डोळा त्याची फोड ‘पुरावा-धारित’ अशी करतो आणि ‘पदवीधारक’सारखे काहीतरी मनात येते. ‘पुराव्याधारित’ तर नकोच. सामान्यरूप करायचे असेल तर ‘पुराव्यावर आधारलेले’ असे सुटे लिहावे, ते सर्वांत सरळ आहे. ‘वस्तुनिष्ठ’च्या धर्तीवर ‘पुरावानिष्ठ’ही सुचवला जाईल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या उपचारपद्धतीला मराठीत ‘विवेकनिष्ठ’ हे सुंदर विशेषण मिळालेच आहे. पण निष्ठा ही माणसाची असते. ‘पुरावानिष्ठ संशोधक’ शोभेल, उपचाराला ‘अधिष्ठित’च बरे.

‘मनोचिकित्सा’ मी दोन कारणांनी नाकारीन. एक तर ‘मनः’चे ‘मनो’ होते ते पुढे मृदू व्यंजन असेल तेव्हा, जसे मनोविकार, मनोरंजन. ‘च’पूर्वी नियमाने ‘मनश्चिकित्सा’ होईल, जे कोणी म्हणणार नाही. दुसरे असे की ‘कायचिकित्सा’ आणि ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ हे शब्द आपल्याकडे असले, तरी सामान्य लेखनात चिकित्सा म्हणजे कसून छाननी. ‘चिकित्सक बुद्धी’ उपचार करीत नाही, शंका काढते. ‘मानसोपचार’ निर्दोष आहे. त्याची उणीव एवढीच की ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांसाठी रूढ झाल्याने ‘मानसोपचार’ म्हणजे गोळ्या, असा समज होतो. म्हणून पुस्तिकेत पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘संवादातून केले जाणारे मानसोपचार’ असे एकदा लिहावे, नंतर नुसते ‘मानसोपचार’ पुरे.

‘तंत्रज्ञान-सहाय्यित’मध्ये आधी शुद्धलेखनाची चूक आहे : नाम ‘साहाय्य’ असे आहे, त्यामुळे विशेषण ‘साहाय्यित’ होईल, ‘सहायक’ हा शब्द वेगळा आणि बरोबर, आणि या दोघांच्या ओढाताणीतून ‘सहाय्य’ जन्माला आले आहे. पण ‘तंत्रज्ञान-साहाय्यित’ शुद्ध करूनही साहाय्य कोणाला, हे सांगत नाही, आणि या क्षेत्रात सगळा फरक तिथेच आहे. स्वीडनमध्ये लिंकोपिंग विद्यापीठातील गेरहार्ड अँडरसन यांच्यासारख्या संशोधकांनी इंटरनेटवरून जे उपचार विकसित केले, त्यांत रुग्ण स्वतः धडे वाचतो आणि उपचारक लेखी संदेशांतून त्याच्या मागे उभा असतो; इथे साहाय्य उपचाराला आहे. याउलट गोव्यात तपासलेला तोच उपचार मध्य प्रदेशातील आशा कार्यकर्त्यांना स्मार्टफोनवरून शिकवण्याचे काम संगाथ आणि हार्वर्ड मेडिकल स्कूल यांनी हाती घेतले, तेव्हा तंत्रज्ञान प्रशिक्षणापुरते होते. रुग्णासमोर बसून बोलणारी आशाताईच होती. दोन्हींना एकच विशेषण लावले तर वाचकाला दुसऱ्या ठिकाणीही मोबाइलच बोलतो असे वाटेल. मथळ्यात ‘तंत्रज्ञानाच्या साहाय्याने होणारे’ असे मोकळे लिहावे, आणि आत प्रत्येक प्रकल्पापाशी ते साहाय्य शिकवण्यात आहे, तपासण्यात आहे की प्रत्यक्ष उपचारात, हे वेगवेगळे सांगावे.

‘सहकार्य’ ठेवले आहे तेच ठेवावे. ‘संशोधन सहकार’ म्हटले की आपल्याकडे साखर कारखाना आणि पतपेढी डोळ्यांपुढे येते.

तेव्हा मथळा असा होईल : ‘पुरावाधिष्ठित आणि तंत्रज्ञानाच्या साहाय्याने होणारे मानसोपचार : आंतरराष्ट्रीय संशोधन सहकार्य’. ‘मानसोपचार’ येथे अनेकवचनी घेतले आहे, कारण ‘उपचार सुरू आहेत’ असेच आपण म्हणतो. संपादकांनी ‘होणारे’चे ‘होणारा’ केले तर तेवढे मात्र परत बदलून घ्यावे.