टाचणवहीची मागची पानं

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या शिक्षिकांचा एक प्रश्न थोड्याफार फरकाने असाच असतो: "पालिकेच्या शाळेत इतकी वर्षं शिकवतेय, पण ट्रेनिंगला बसले की वाटतं आपल्याला काहीच येत नाही. ग्रुपवर बाकीचे किती छान लिहितात, मला चार ओळी जमत नाहीत. मी मागे पडलेय का?" याचं उत्तर म्हणून एका बाईंचं सांगते. त्यांना विचारलंय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

बाई एका मोठ्या शहरातल्या पालिका शाळेत, चौथीचा वर्ग, नोकरी १९ वर्षं. एकाच बिल्डिंगमध्ये खाली उर्दू शाळा, मध्ये हिंदी, सगळ्यात वर मराठी आणि मराठीचा पट दरवर्षी घसरतोय. आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून, डॉक्टरांकडे आधीच जाऊन आलेल्या, रिपोर्ट नॉर्मल. (झोप महिनाभर उडाली असेल तर आधी डॉक्टर, मग मी, हे सगळ्यांनाच सांगते.) खरी गोष्ट निघाली तिसऱ्या भेटीत. शिक्षकांच्या एका ग्रुपवर त्यांनी वर्गातल्या एका मुलीबद्दल आठ-दहा ओळी टाकल्या होत्या, अगदी मनापासून, आणि एका सीनियर सरांनी खाली एवढंच लिहिलं की मॅडम, आधी 'विद्यार्थिनी' नीट लिहायला शिका. बाईंनी 'थी' दीर्घ काढला होता. त्याखाली हसणाऱ्या इमोजी. झालं.

"दिवसातून दहादा जो शब्द बोलते तोच मला लिहिता येत नाही, मॅडम." आता विद्यार्थीमध्ये दीर्घ आणि विद्यार्थिनीमध्ये ऱ्हस्व, इथे भलेभले घसरतात, मीसुद्धा. पण ते सांगून उपयोग नव्हता, कारण तेव्हापासून अहवाल असो की ट्रेनिंगमध्ये मागतात ती यशोगाथा, बाई नेटवरून उचलायच्या, शाळेचं नाव बदलायच्या आणि पाठवायच्या, आणि मग रात्री छताकडे बघत पडायचं की आपण चोरी करतोय.

२०२० च्या शिक्षण धोरणात लिहिलंय की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. चांगलंच आहे. पण बाईंचे तास कसे भरायचे, तर दीक्षा या सरकारी ट्रेनिंग अॅपवर व्हिडिओ चालू, समोर मेथी निवडायला घेतलेली, शेवटी प्रश्न सोडवले की सर्टिफिकेट डाउनलोड. या सगळ्यात तुमच्या वर्गातली पोरं कशी आहेत हो, असं त्यांना कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

इथे माझीही एक चूक झाली. मी उत्साहाने म्हटलं, तुम्ही एखाद्या शैक्षणिक मासिकाला लेख पाठवा ना. बाई पुढच्या दोन अपॉइंटमेंटना आल्याच नाहीत. जिथे भाजलंय तिथेच परत हात ठेव असं सांगत होते मी!

परत आल्या तेव्हा विषय बदलला. विचारलं, वर्गात एखादं पोर लिहायला घाबरलं तर तुम्ही काय करता? म्हणाल्या, त्याला म्हणते तू सांग, मी ऐकते, वही नंतर बघू. आणि स्वतःच गप्प झाल्या. मग तिथेच दहा मिनिटं लिहायला बसवलं, एक मूल, एक दिवस, पेन्सिलने, आणि मी ते बघणार नाही. कागद नव्हता म्हणून पिशवीतून टाचणवही (रोज काय शिकवायचं ते आखायची वही) काढली आणि उलटी करून मागच्या पानावर सुरू केलं. लिहून झाल्यावर म्हणाल्या, वाचून दाखवू? रोज उशिरा येणारा एक मुलगा होता, नळाला पाणी येईपर्यंत हंड्यांच्या रांगेत उभा राहणारा, आणि त्याच्या शर्टाची एक बाही कायम ओली. ती ओली बाही १९ वर्षांच्या कुठल्याच अहवालात आली नसती.

अमेरिकेत बर्कलीला १९७४ साली जेम्स ग्रे यांनी शाळेतल्या शिक्षकांना उन्हाळ्यात एकत्र बसवलं, त्यांनी स्वतः लिहायचं, एकमेकांना वाचून दाखवायचं, आणि शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवायचं. पुढे त्यातून नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट उभं राहिलं. हे मी कौतुकाने सांगितलं तर बाई म्हणाल्या, "त्यांना बीएलओची ड्युटी नसेल." (म्हणजे मतदारयादीचं काम.)

तरी जमवलं त्यांनी. खालच्या मजल्यावरच्या उर्दूच्या एक आपा, हिंदीच्या एक मॅडम, आणि स्वतःच्या शाळेतल्या दोघी. शनिवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास. नियम बाईंचाच: वाचून दाखवायचं, कागद दाखवायचा नाही, फोटो काढायचा नाही. ऐकताना ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही, आणि तीन भाषांच्या दोन लिप्यांचा प्रश्नही सुटला. शुद्धलेखनाचं काय, असं मी विचारलं, तर म्हणे कुठे बाहेर पाठवायचं झालं तर शेवटी एकत्र बसून तपासू, त्यात काय.

सगळं छानच झालं असं नाही. एकीने सोडलं, घरी सासूबाई आजारी आणि हे अजून एक काम वाटायला लागलं, बरोबरच आहे तिचं. इलेक्शनच्या कामात दोन महिने सगळं बंद. झोप पण अजून अधूनमधून मोडते. पण मागच्या यशोगाथेत त्यांनी तो ओल्या बाहीचा मुलगा दिला, स्वतः लिहून, आणि त्यात यश काहीच नव्हतं कारण तो अजून उशिराच येतो.

शेवटच्या भेटीत टाचणवही दाखवायला आणली. मुख्याध्यापिकांनी तपासणीच्या गडबडीत पुढच्या पानांबरोबर मागच्या पानांवरही लाल पेनाने 'पाहिले' लिहून सही ठोकलीय. वाचलं की नुसतीच सही केली, हे बाईंना अजून कळलेलं नाही आणि विचारायची हिंमत होत नाही. पण सांगताना हसत होत्या.