अमेरिकेतल्या चार्टर शाळा सरकारी की खासगी? महाराष्ट्रात असा कायदा यावा का?

सरकारी. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, खर्च करदात्यांचा. फक्त कारभार गावाच्या शाळा समितीकडे नसतो, शाळेच्या स्वतंत्र विश्वस्त मंडळाकडे असतो. चार्टर म्हणजे सनद. मुदतीची.

देशभर एकच कायदा नाही, शिक्षण तिथे राज्यांकडे आहे. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला. पुढच्याच वर्षी सेंट पॉलला सिटी अकॅडमी उघडली, तीही शिक्षण अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी. वॉशिंग्टन राज्यात मतदारांनी २०१२ मध्ये कायदा मंजूर केला आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण असं, की या शाळांवर लोकांनी निवडून दिलेलं मंडळ नाही, मग सार्वजनिक शाळांसाठी राखलेला पैसा त्यांना कसा द्यायचा?

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. इथला कायदा १९९३ चा. सनद राज्याचं शिक्षण मंडळ देतं, पाच वर्षांसाठी. मुदत संपत आली की निकाल, हिशेब आणि अर्जात दिलेली आश्वासनं तपासली जातात. त्यात शाळा उतरली नाही तर सनद जाते आणि शाळा बंद होते. मला या कायद्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर कायद्याने जाहीर सोडत काढावी लागते. आमच्या मुलीसाठी आम्ही गेलो होतो. आधी शिकत असलेल्या मुलांची भावंडं घेतली, तिथेच निम्म्या जागा संपल्या. मुलीचा प्रतीक्षायादीत सत्तेचाळिसावा नंबर लागला. शेजारी रुग्णालयाच्या गणवेशातली एक बाई बसली होती, कोटही न काढता. तिने हळूच विचारलं, "यादी किती पुढे सरकते हो?" तिचा मुलगा नव्वदच्या पुढे होता. मला काही बोलता आलं नाही.

आणि पैसा मुलामागे जातो. वीस मुलं चार्टरमध्ये गेली तर गावाच्या वाट्यातून तेवढी रक्कम कापली जाते. पण ती वीस मुलं वेगवेगळ्या वर्गांतली असतात, त्यामुळे जुन्या शाळेत ना शिक्षक कमी करता येतो, ना बस, ना हीटिंग. राज्य काही वर्षं भरपाई देतं, पण तेव्हा ती अनेक वर्षं पुरती मिळतच नव्हती. म्हणून २०१६ मध्ये वर्षाला आणखी १२ शाळांना परवानगी देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदारांनी तो फेटाळला. मी तेव्हा नागरिक नव्हते, पण माझंही मत 'नाही'च असतं, सोडतीला जाऊन आल्यावरसुद्धा.

महाराष्ट्राबद्दल म्हणाल तर मुंबई-पुण्यात महापालिकेच्या काही शाळा आजही संस्था करारावर चालवतातच. उद्या त्यासाठी कायद्याचा मसुदा आला तर मी आधी दोन कलमं शोधीन: करार मोडणाऱ्या संस्थेकडून शाळा परत कोण घेणार, आणि त्या जून महिन्यात तिथली पोरं कुठल्या वर्गात बसणार.