वाचक विचारतात: ट्रायपॉडवर रायफल स्थिर कशी राहील?

प्रश्न: नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, आता टेक्सासमधे ऑस्टिनजवळ राहतो आणि दोन वर्षं झाली इथल्या प्रिसिजन रायफल मॅचेसना जातोय. बायपॉडवर, म्हणजे रायफलच्या पुढे लावायच्या दोन पायांवर, पडून मारलं की नेम छान बसतो, पण उभं राहून ट्रायपॉडवरून मारायची वेळ आली की क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, नुसता नाचतो. ट्रायपॉड जुना फोटोग्राफीचा आहे, वर बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे फिरणारं डोकं), रायफल स्कोपसकट साधारण 8 किलो. हेड बदलू, सॅडल (रायफलला दोन जबड्यांत पकडणारा खोबणीसारखा आधार) घेऊ की पायच नवे घेऊ? सध्या एकच वस्तू घेणं जमेल.

उत्तर: नमस्कार. खरेदीच्या आधी एक करून बघा. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा, ती ट्रायपॉडवर लावा आणि स्कोपमधून लांबच्या एखाद्या बारीक खुणेकडे बघत असताना मित्राला ट्रायपॉडचे पाय वरच्या बाजूला घट्ट धरायला सांगा. क्रॉसहेअर लगेच शांत झाला तर दोष पायांचा, आणि तरीही बट (रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) हलकेच ढकलल्यावर तो सरकून तिथेच राहत असेल तर हेड पकडत नाहीये. 0.3 मिलचं (मिल म्हणजे कोनाचं माप, अंतराचा साधारण हजारावा भाग) डोलणं स्कोपमधे किरकोळ वाटतं पण 500 मीटरवर ते 15 सेंटीमीटर होतं.

फोटोग्राफीच्या ट्रायपॉडला मधली दांडी असेल तर ती पूर्ण खाली घ्या, हा सगळ्यात मोठा फुकटचा फायदा. मी एका मित्राच्या शेजारी उभा होतो, त्याने दांडी एक वीतभर वर काढली होती आणि त्याच्या श्वासागणिक हेड थरथरताना नुसत्या डोळ्याला दिसत होतं, दांडी खाली बसवून उंची पायांनी घेतली तेव्हा ते थांबलं. पाय उघडताना जाड नळ्या आधी, बारीक शेवटी. खाली बॅग लटकवत असाल तर ती जमिनीला थोडी टेकू द्या, वाऱ्याने झुलली तर उलट त्रासच.

आता एकच वस्तू म्हणता तर, पाय बऱ्यापैकी जाड असतील असं धरून, मी हेडवर पैसे घालेन. आर्का क्लॅम्पवालं, म्हणजे रायफलखालच्या खाचेच्या पट्टीला (आर्का रेलला) पकडणारं, चांगलं हेड घ्या, रायफलच्या पुढच्या भागाखाली आर्का रेल नसेल तर तिचा खर्चही त्याच बजेटमधे धरा. रायफल तोलबिंदूवर, म्हणजे बहुतेक वेळा मॅगझिनच्या जरा पुढे पकडली की हात सोडला तरी रायफलची नळी खाली झुकत नाही. सॅडल कुठल्याही रायफलला चालतं हा त्याचा गुण, पण स्टॉक, म्हणजे नळी ज्यात बसते तो रायफलचा सांगाडा, पातळ प्लास्टिकचा असेल आणि जबडे जोरात आवळले तर तो नळीला टेकतो आणि गोळी दुसरीकडेच लागते. अजून एक, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आर्का मापात बारीक फरक असतो, त्यामुळे लिव्हरवाला क्लॅम्प प्रत्येक रेलवर सारखा बसेलच असं नाही. रेल दुसऱ्या कंपनीची असेल तर स्क्रूवाला घ्या, आणि पहिल्यांदा लावताना खाली हात धरूनच हलवून बघा, 8 किलोची रायफल पडली तर स्कोपचं काही खरं नाही.

आणि मागची बाजू विसरू नका, पुढून कितीही घट्ट पकडलं तरी बट मोकळा असेल तर डोलणं राहतंच. हलकी उशीसारखी बॅग काखेत, कोपराखाली घेतली तरी बराच फरक पडतो, ती पुढच्या महिन्यात घ्या.

प्रश्न: मुलगी पुण्यात 10 मीटर एअर रायफल शिकते. तिला ट्रायपॉड घेऊन देऊ का?

उत्तर: ताई, नेम धरायला नको. तिच्या प्रकारात उभं राहून, कुठल्याही आधाराशिवाय मारायचं असतं, स्लिंगसुद्धा (हाताला आधार देणारा पट्टा) चालत नाही, आणि दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. दोन शॉट्सच्या मधे रायफल टेकवायला स्टँड मात्र जरूर घ्या, साडेपाच किलोपर्यंतची रायफल सतत हातात धरून पाठ दुखते. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमधे 50 मीटर थ्री पोझिशन्समधे कांस्य मिळवलं, त्यात तर गुडघ्यावर, पडून आणि शेवटी उभ्याने मारावं लागतं, पण ट्रायपॉडचा आधार तिथेही नाही. पैसे असतील तर आधी मापाचे शूज आणि जॅकेट घ्या.